एसबीसीएलमध्ये (कॉमन लिस्पचा कंपाइलर) कव्हरेज, म्हणजे टेस्टमध्ये कोडचा कोणता भाग चालला याची नोंद, रिकामं का येतं?
रिपोर्ट रिकामा येतोय ना, मग बहुतेक जुनी कंपाइल केलेली फाइलच लोड होतेय. आधी एसबी-कव्हर (कव्हरेज मोजणारं मॉड्यूल) रिक्वायर कर, डिक्लेममध्ये (कंपाइलरला सूचना देण्याची ओळ) स्टोअर-कव्हरेज-डेटा चालू कर आणि मगच एएसडीएफला (लिस्पचं बिल्ड टूल) फोर्स टी देऊन, म्हणजे सगळं पुन्हा कंपाइल करायला लावून, सिस्टम लोड कर. टेस्ट चालव, रिपोर्ट काढ. साधं एचटीएमएल असतं, बोरिवली-चर्चगेट प्रवासात मोबाईलवरही वाचून होतं. पिवळा भाग आधी बघ: तिथे इफची एकच बाजू चाललेली असते. टक्केवारीच्या नादी लागू नकोस. शेवटी स्टोअर-कव्हरेज-डेटा शून्य कर, नाहीतर कोड हळू चालतो.

एरर आल्यावर दिसणाऱ्या फंक्शन कॉल्सच्या यादीतून, म्हणजे बॅकट्रेसमधून, फंक्शनच गायब? टेल कॉलमुळे (फंक्शनने शेवटचं काम म्हणून केलेला कॉल) त्याची फ्रेम, म्हणजे यादीतली नोंद, उरत नाही. ऑप्टिमाइझमध्ये डीबग ३ लावून पुन्हा कंपाइल कर. मग स्लाइममध्ये (ईमॅक्स एडिटरमधलं लिस्पचं साधन) फ्रेमवर व्ही दाबलंस की सोर्स दिसतो. फंक्शन दुरुस्त करून कंपाइल कर, आर दाब; तीच फ्रेम पुन्हा चालते.