डिस्क बदलताय? आधी परवान्यांचं बघा

जुनी डिस्क अजून चालत असेल तर स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी एक काम करा. विकत घेतलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर उघडून हेल्प किंवा अकाउंट मेनूत ‘डीॲक्टिव्हेट’ किंवा ‘साइन आउट’ शोधा. नवखे लोक हमखास चुकतात ते इथेच. बऱ्याच परवान्यांना ठरावीक संगणकांचीच मुभा असते. जुनी नोंद न सोडता डिस्क काढली, तर परवाना तपासणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला तुमचाच संगणक नवा वाटू शकतो आणि मर्यादा संपल्याचा संदेश येतो.

विंडोजची फार काळजी नको. विंडोज १० आणि ११ चा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डशी, बांधलेला असतो, डिस्कशी नाही. इन्स्टॉल करताना ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ हा पर्याय निवडा, मग इंटरनेट जोडा. मात्र आवृत्ती तीच हवी. होमच्या जागी प्रो टाकलंत तर अडकलात.

आणखी थोडं:

- २५ अक्षरी की, खरेदीचा ईमेल, खात्याचा पासवर्ड दुसरीकडे लिहून ठेवा. त्याच डिस्कवर नव्हे!
- बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी कीसुद्धा.
- नव्या डिस्कवर आधी तारीख-वेळ तपासा. ती चुकीची असली की सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही.

डिस्क आधीच बंद पडली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यातून जुनं उपकरण काढून टाका. ती सोय नसेल तर सपोर्टला पावती पाठवून ॲक्टिव्हेशन रीसेट करायला सांगा. तीच की पुन्हापुन्हा टाकून काही होत नाही.