कॅमेरा स्थिर ठेवलात ते ठीक, पण बाईला मुकं का केलंत?

सोलापुरातल्या बिडी वळणाऱ्या बाईवर तुम्ही बारा मिनिटांची फिल्म केलीत. एकच शॉट, संगीत नाही, बोलणं नाही. मित्रांना ती रटाळ वाटली, आणि त्यांना ही शैली समजत नाही की फिल्मच फसली, असं तुम्ही विचारलंय. फिल्म पाहिली. मित्रांचं मला पटतं, पण दोष लांबीचा नाही.

बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकेरमान यांची 'झान दीलमान' ही फिल्म (१९७५) २०१ मिनिटांची आहे. एका विधवेचे तीन दिवस, घरकाम, जागचा न हलणारा कॅमेरा. पहिल्या दिवशी तिची शिस्त आपल्या अंगवळणी पडते. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि आपल्या पोटात गोळा येतो! एवढ्याशा चुकीचा धक्का बसावा म्हणून आधीचा सगळा वेळ दिलेला असतो. तुमच्याकडे पहिल्या बिडीपासून शेवटच्या बिडीपर्यंत काहीच बदलत नाही.

फ्रेंच दिग्दर्शक रॉबेर ब्रेसाँ 'अ मॅन एस्केप्ड'मध्ये (१९५६) तुरुंग फारसा दाखवतच नाहीत. पावलं, किल्ल्या, बाहेरची रेल्वे यांच्या आवाजातून तो उभा राहतो. दृश्यातून जे काढलं ते काम आवाजाकडे गेलं. तुम्ही दोन्हीकडून काढून घेतलंत.

मला खरं खटकलं ते पुढेच. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात बिड्या वळताना कोण गप्प बसतं हो? मांडीवर सूप, हात पानावर, आणि तेलुगू-मराठीत अखंड बोलणं. पलीकडे यंत्रमागाची खडखड. हे सगळं पुसलं की कोणतीही कष्टकरी बाई आपोआप सोशिक आणि दुःखी दिसते. ते दुःख तिचं नसतं, तुम्ही कापाकापी करून तयार केलेलं असतं. या शैलीचा मला सगळ्यात मोठा धोका हाच वाटतो. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) बघा. कॅमेरा लांब आणि स्थिर, पण माणसं भरपूर बोलतात. सरकारी वकील बाई कायद्याची कलमं एकसुरात वाचत राहतात, त्या वाचनातच सगळी यंत्रणा कळते.

तेव्हा शॉट आहे तसाच राहू द्या. त्याच घरात जाऊन आवाज पुन्हा रेकॉर्ड करा, बाईंना बोलू द्या, मजुरी हजार बिड्यांमागे मिळते तर ती मोजदाद कुठेतरी ऐकू येऊ द्या. नापास होऊन परत आलेल्या बिड्या हातात घेतल्यावर वळण्याचा वेग बदलतो का, तेही टिपता आलं तर टिपा. संगीत मात्र घालू नका.