मैदान पाहून चाक, पाऊल पाहून फ्रेम

वाचकांचे प्रश्न : क्रीडासाहित्य

प्रश्न : माझा १३ वर्षांचा मुलगा इनलाइन हॉकी (एका रांगेत चाके असलेल्या स्केट्सवरची हॉकी) खेळतो. रोजचा सराव शाळेच्या आवारातील उघड्या कोब्यावर होतो आणि स्पर्धा मात्र बाहेरगावी बंदिस्त, गुळगुळीत रिंकवर असतात. चाके आतल्या बाजूने फार लवकर झिजतात, आणि स्पर्धेत गेल्यावर वळताना त्याचा पाय सुटतो. आता चारही चाके ८० मिमीची असलेले स्केट्स हवेत असा त्याचा हट्ट आहे. तो पुरवावा का?
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : चाकाचा व्यास आणि चाकाचा कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण लिहिलेल्या दोन्ही तक्रारी मुख्यतः कडकपणाच्या आहेत. चाकावर ‘७६ मिमी ७८ए’ असे जे छापलेले असते, त्यातला पहिला आकडा व्यासाचा असतो आणि दुसरा चाक ज्याचे बनते त्या पॉलियुरेथेनच्या कडकपणाचा. हा दुसरा आकडा जितका मोठा, तितके चाक कडक. बंदिस्त गुळगुळीत रिंकसाठी साधारणपणे ७२ए ते ७६ए, तर कोबा किंवा डांबरी रस्ता अशा खरखरीत जमिनीसाठी ८०ए ते ८४ए असा हिशेब खेळाडू धरतात. मऊ चाक भाराखाली किंचित दबते, जमिनीला अधिक टेकते आणि म्हणून वळणावर पकड देते. मात्र तेच चाक कोब्यावर किसणीवर धरल्यासारखे झिजते आणि त्याच्या कडेचे बारीक तुकडे निघू लागतात. कडक चाक कोब्यावर टिकते, पण गुळगुळीत रिंकवर जोरात वळताना धरत नाही. आपला मुलगा एकाच संचावर दोन्हीकडे खेळत असल्यामुळे त्याला दोन्हीकडचे तोटे भोगावे लागत आहेत.

त्यामुळे नव्या स्केट्सवर खर्च करण्याआधी चाकांचे दोन संच करावेत, हे माझे स्पष्ट मत आहे. सरावासाठी ८२ए किंवा ८४ए आणि केवळ स्पर्धेसाठी ७४ए. खेळाडूच्या वजनाचाही येथे संबंध येतो. मुलाचे वजन ४५–५० किलोच्या आसपास असेल तर रिंकवर ७४ए पुरेसे आहे. ८० किलोच्या खेळाडूने तेच चाक घेतले तर ते जास्त दबते, पाय जड वाटतात आणि चाक लवकर संपते, म्हणून त्याने ७६ए–७८एकडे जावे. स्पर्धेचा संच सरावाला वापरण्याचा मोह मात्र टाळावा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि उन्हाने तापलेल्या कोब्यावर पॉलियुरेथेन आणखी मऊ पडते, त्यामुळे मऊ चाकांचे आयुष्य दुपारच्या सरावात फार झपाट्याने संपते. उन्हाळ्यात पहाटेचा सराव मुलांच्या दृष्टीने तर योग्य आहेच, चाकांच्या दृष्टीनेही तो फायद्याचा आहे.

चाके आतल्या बाजूने झिजणे हा दोष नाही. पायाने रेटा देताना भार आतल्या कडेवरच येतो. आठही चाके काढून टेबलावर एका रांगेत उभी करून पाहावीत, म्हणजे कोणते चाक किती उतरते झाले आहे ते लगेच दिसते. सर्व चाके एकाच व्यासाची असतील तर पहिल्या आणि तिसऱ्या चाकाची, तसेच दुसऱ्या आणि चौथ्या चाकाची अदलाबदल करावी, आणि बसवताना प्रत्येक चाक उलटे करावे, म्हणजे झिजलेली कड बाहेरच्या बाजूला जाईल. हे काम झीज नुसती दिसू लागताच करावे. चाक शंकूसारखे झाल्यावर केलेल्या अदलाबदलीचा उपयोग होत नाही.

आता ८० मिमीच्या हट्टाविषयी. मोठे चाक एकदा वेगात आले की वेग चांगला टिकवते आणि जमिनीवरच्या फटी सहज ओलांडते, हे खरे आहे. परंतु चाके एकमेकांना घासू नयेत म्हणून शेजारच्या दोन ॲक्सलमध्ये (चाक ज्यावर फिरते त्या आसांमध्ये) किमान चाकाच्या व्यासाइतके अंतर ठेवावेच लागते. चार चाकांमध्ये अशी तीन अंतरे येतात, म्हणजे ८० मिमीच्या चाकांसाठी पहिल्या आणि शेवटच्या ॲक्सलमधील अंतर २४० मिमीपेक्षा जास्त होते. ७२ मिमीच्या चाकांसाठी हेच अंतर २१६ मिमीच्या थोडे पुढे भागते. ज्या मुलाचे पाऊलच २२ सेंटीमीटरचे आहे, त्याच्या पायाखाली लांब फ्रेम (बुटाखालची, चाके धरून ठेवणारी चौकट) आली की सरळ रेषेत तो छान पळतो आणि पकच्या (खेळातल्या चकतीच्या) मागे झटकन वळण्याची वेळ आली की मागे पडतो. म्हणूनच लहान मापाच्या हॉकी स्केट्सना सहसा ७२ किंवा ७६ मिमीची चाके दिलेली असतात. मुलाचे पाऊल वाढले की ८० मिमी आपोआप येईल. कपडे घेतो तसे वाढत्या अंगाचे स्केट्सही घेण्याची आपली सवय येथे घातक ठरते, कारण सैल बुटात घोटा हलतो आणि मग कोणतेही चाक धरत नाही.

प्रश्न : महाविद्यालयीन संघात खेळतो. हाय-लो फ्रेम घ्यावी की सपाट? ॲल्युमिनियमचा खरोखर फरक पडतो का? माझे बूट चांगले आहेत, त्यांनाच स्पीड स्केटिंगची फ्रेम लावता येईल का?
– एक खेळाडू, अशोक चौक

उत्तर : हाय-लो फ्रेममध्ये पुढची दोन चाके ७६ मिमीची आणि मागची दोन ८० मिमीची असतात, काही मापांत ही जोडी ७२ आणि ७६ अशीही असते. त्यामुळे एकूण लांबी थोडी कमी होते, बूट पुढच्या बाजूला झुकतो आणि खेळाडूचा भार पायाच्या चवड्यांवर येतो, जो जागेवरून उसळी घेताना आणि वळताना उपयोगी पडतो. चारही चाके ८० मिमीची असलेली सपाट फ्रेम अधिक स्थिर वाटते. बचावफळीत खेळून मागे-मागे स्केटिंग करणाऱ्या अनेकांना ती आवडते. आघाडीच्या खेळाडूने हाय-लो घ्यावी असे मी सुचवेन, पण हा पसंतीचा भाग आहे. एक बंधन मात्र पाळावे लागते. हाय-लो फ्रेममध्ये मागचे ॲक्सल पुढच्यांपेक्षा २ मिमी उंचावर असतात. तेथे ८० ऐवजी ७६ मिमीची चाके बसवली तर टाच खाली जाते आणि चारही चाके एका वेळी जमिनीला टेकत नाहीत. चाकांची अदलाबदलही पुढची पुढे आणि मागची मागे अशीच करावी लागते.

ॲल्युमिनियमचा फरक पडतो. प्लास्टिकची फ्रेम जोराच्या रेट्याखाली किंचित वाकते आणि पायाचा काही जोर तेथेच वाया जातो. लहान मुलाचे त्याने बिघडत नाही, आपल्या वयाच्या आणि वजनाच्या खेळाडूचे बिघडते.

स्पीडची फ्रेम लावण्याचा विचार सोडून द्यावा. स्पीडच्या बुटाच्या तळाशी १६५ किंवा १९५ मिमी अंतरावर दोन बोल्टची सोय असते, तर हॉकीच्या बुटाला फ्रेम चवड्याखाली आणि टाचेखाली रिव्हेट मारून पक्की केलेली असते. म्हणजे हॉकीत फ्रेम निवडणे हे जवळजवळ अख्खे स्केट निवडण्यासारखेच आहे, आणि वापरलेला जोड घेताना तर फ्रेम आधी तपासावी. एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात फ्रेम धरून पिळावे. ‘कट्’ असा बारीक आवाज आला तर रिव्हेट सैल आहे. नंतर स्केट उलटे धरून एक डोळा मिटून टाचेकडून पाहावे. चारही चाके एकामागे एक लपली पाहिजेत. एखादे जरी बाजूला डोकावले, तर फ्रेम वाकलेली असण्याची शक्यता आहे.

प्रश्न : मुलगी ९ वर्षांची आहे. प्रशिक्षक ‘रोलर हॉकी’ म्हणतात आणि दुकानदार इनलाइन स्केट्स दाखवतो. काय घ्यावे?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : घाई करू नये. रोलर हॉकी पुढे दोन आणि मागे दोन अशी चार चाके असलेल्या क्वाड स्केट्सवर चेंडूने खेळली जाते आणि इनलाइन हॉकी एका रांगेतील चाकांवर पकने. स्पर्धाही स्वतंत्र असतात. मुलगी कशात उतरणार आहे हे प्रशिक्षकांना विचारूनच पैसे खर्च करावेत. इनलाइन हॉकीच्या स्केट्सना टाचेजवळ ब्रेक नसतो, हेही ध्यानात ठेवावे.

प्रश्न : धुळीमुळे चाके फिरताना खरखर आवाज येतो. बेअरिंग बदलावे का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : आधी स्वच्छ करून पाहावे. या स्केट्सना बहुधा ६०८ क्रमांकाचे बेअरिंग असते, म्हणजे आतला व्यास ८ मिमी, बाहेरचा २२ मिमी आणि जाडी ७ मिमी. त्याची झाकणी निघत असेल तर ती काढून बेअरिंग सॉल्व्हंटमध्ये धुवावे, पूर्ण कोरडे करावे आणि हलक्या मशीन ऑइलचा एखादा थेंब सोडावा. पाण्याने धुतल्यास गंज चढतो, आणि खोबरेल तेलावर धूळ बसून चिकट थर तयार होतो. परत बसवताना दोन बेअरिंगमध्ये अंतर राखणारी नळी, म्हणजे स्पेसर, विसरू नये; तो बसवायचा राहिला आणि ॲक्सल घट्ट आवळला, तर नवे बेअरिंगसुद्धा अडकून फिरते. स्वच्छ केल्यावरही बोटाने फिरवताना खडा लागल्यासारखे वाटले, तर मात्र ते बदलावे.