सिव्हिल इंजिनिअरिंगनंतर मालमत्ता मूल्यांकनकार म्हणून काम कसे मिळवावे?

पदवी हाती येताच अहवालावर स्वतःचा शिक्का मारता येईल, असे समजू नये. ‘जमीन व इमारत’ या वर्गात नोंदणीकृत मूल्यांकनकार होण्यासाठी २०१७ च्या नियमांनुसार स्थापत्य पदवीनंतर ५ वर्षांचा अनुभव, मान्यताप्राप्त संघटनेचा अभ्यासक्रम आणि आयबीबीआय या नियामक मंडळाची परीक्षा आवश्यक असते. तोवर बँकांच्या पॅनेलवरील एखाद्या मूल्यांकनकाराकडे स्थळपाहणीचे काम मागावे. जाहिरातींची वाट पाहण्यापेक्षा अशा कार्यालयांत प्रत्यक्ष जाऊन भेटणे मला अधिक फलदायी वाटते. भेटीत सदनिकेचे चटईक्षेत्र मोजणे, खरेदीखतातील चतुःसीमा जागेवर जुळवून पाहणे आणि रेडी रेकनरचा दर व प्रत्यक्ष बाजारभाव यांतील तफावत सकारण लिहिणे आपल्याला जमते, हे दाखवावे. सुरुवातीला उन्हातान्हात दुचाकीवरून हिंडण्याची तयारी मात्र हवी.