आर्किटेक्टने डिझाइन केलेल्या घराचे फोटो मासिकाला काढू द्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की नव्या घराचे फोटो काढायला दोन मासिकांनी विचारलंय, आर्किटेक्ट मागे लागलाय आणि घरात मात्र एकमत होत नाहीये. पैसे मिळतात का, धोका काय, असंही विचारलंय. पैशाचं आधी सांगते: मिळत नाहीत. उलट कुणी तुमच्याकडेच ‘छपाईखर्च’ मागितला तर फोन ठेवून द्या. बाकी माझं मत विचाराल तर काढू द्या फोटो, पण घरात राहणारं माणूस फ्रेमबाहेर काढायचं नाही, या अटीवर. अट मान्य नसेल तर चहा पाजून परत पाठवा.

आमचं घर दापोली तालुक्यात आहे. जांभ्याचे उघडे चिरे, वर मंगलोरी कौलं, पश्चिमेला घराच्या लांबीएवढी पडवी. आर्किटेक्ट पुण्याची, तेव्हा नुकतंच स्वतःचं ऑफिस थाटलेली. घर उत्तम झालंय आणि ते तिच्यामुळे झालंय, हे इथेच नोंदवून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून लोकांना वाटेल मी तिच्यावर डूख धरून आहे.

या घरातली सगळ्यात विचार करून बांधलेली जागा म्हणजे सासूबाईंची खोली. पडवीतून आत आलं की पहिलीच. त्या वॉकर घेऊन चालतात, म्हणून दाराला उंबरा नाही (यावरून भटजींपासून सुतारापर्यंत सगळ्यांनी आम्हाला ऐकवलं), दार नेहमीपेक्षा रुंद, बाथरूम खोलीला लागून, भिंतीला धरायला दांडे. आणि खिडकी. ती जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर सुरू होते. गवंडी पुन्हा पुन्हा विचारायचा, ताई, लेव्हल चुकली नाही ना? नव्हती चुकली. आर्किटेक्टने सासूबाईंना जुन्या घरात त्यांच्या पलंगावर आडवं व्हायला सांगून नजर कुठून कुठवर जाते ते टेपने मोजून घेतलं होतं. त्यामुळे पडल्या पडल्या त्यांना फाटक दिसतं, कोण आलं कोण गेलं ते दिसतं, कलमांखाली कुणाची गुरं शिरली तेही दिसतं, आणि मग त्यांचा आवाज सबंध वाडीला ऐकू जातो.

मासिकाची माणसं आली ती पावसाळा सरता सरता. हेही ठरवूनच असतं. चिऱ्यावर शेवाळ असतं, गडगा, म्हणजे आवाराची दगडी भिंत, हिरवागार असतो, आकाश स्वच्छ असतं. मी गडगा घासायला माणूस सांगून ठेवला होता, तर आर्किटेक्टचा फोन: काकू, शेवाळाला हात लावू नका. बरं. मग दुसरा फोन: पडवीचं निळं प्लास्टिक तेवढं उतरवून ठेवाल? आता दापोलीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि वाऱ्याबरोबर आला की वरून कमी, आडवाच जास्त येतो. पूर्वी लोक झड अडवायला झावळ्यांची झापं बांधायचे, आता प्लास्टिक बांधतात. पडवी कितीही रेखीव असू दे, ते लागतंच. कोकणातल्या घरांवरचे एवढे लेख येतात, पण निळं प्लास्टिक मी एकाही फोटोत पाहिलेलं नाही.

टेम्पोतून त्यांचं स्वतःचं सामान उतरलं. वेताच्या खुर्च्या, हातमागाच्या सतरंज्या, पितळी घंगाळ (आमच्याकडे होतं, पण ते म्हणे फार चकचकीत) आणि कुंड्या. कोकणात, कलमांच्या बागेत, पुण्याहून कुंड्या! आमच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, कालनिर्णय, टीव्ही, चपलांचं रॅक, वाळत घातलेले कपडे, औषधांचा डबा हे सगळं मागच्या पडवीत रवाना. इथवर माझी काही तक्रार नाही. पाहुणे यायचे म्हटलं की आपणही दुसरं काय करतो.

मग सजावट बघणाऱ्या मुलीने सासूबाईंच्या खोलीत डोकावून विचारलं, काकू, हा पलंग जरा बाहेर घेऊ या का? मी म्हटलं, पलंग राहू दे, खिडकी पलंगासाठीच आहे. तर म्हणे खोली ‘जड’ दिसते. नवरा म्हणाला, अगं, तासाभराचा प्रश्न आहे. पलंग गेला, वॉकर गेला, भिंतीवरच्या दांड्यावर टॉवेल टाकून दांडा झाकला. खिडकीपाशी एक बुटकी आरामखुर्ची आली, तिच्यावर उघडं पुस्तक, शेजारी रिकामी कपबशी. सासूबाईंना याचं काडीचंही वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्या पडवीत बसून टेम्पोवाल्याला कलमावर गाडी घालू नकोस म्हणून झापत होत्या. त्यांचा फोटो आधीच काढून झाला होता आणि त्या खूश होत्या. फोटोग्राफर भला माणूस. पलंग हलवण्यापूर्वी त्याने त्यांना पलंगावर बसवून, खिडकीबाहेर बघताना टिपलं होतं. दिवसभरातला सगळ्यात चांगला फोटो तोच. तो छापला नाही.

अंक आला. त्या खोलीच्या फोटोखाली ओळ होती: मुद्दाम खाली ठेवलेल्या खिडकीमुळे जमिनीशी नातं सांगणारा वाचनकोपरा. नकाशात, जिथे आर्किटेक्टच्या मूळ ड्रॉइंगवर ‘आजींची खोली’ असं लिहिलेलं आहे, तिथे ‘अतिथी कक्ष’. आणि मथळ्यात आमचं घर म्हणजे पुण्यातल्या जोडप्याचं वीकेंड होम. मी पुणं सोडून आले त्याला जमाना झाला. बारा महिने इथे राहते, विहिरीचा पंप बिघडला की मीच मेकॅनिकच्या विनवण्या करते. कसलं वीकेंड होम?

आता माझ्या नणंदबाई ठाण्याला असतात. पाया खणला तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद, की आईचं नाव पुढे करून हे दोघं स्वतःची हौस भागवतायत. अंक त्यांच्या हाती पडला आणि फॅमिली ग्रुपवर नकाशाचा फोटो आला, ‘अतिथी कक्ष’भोवती लाल गोल करून. खाली वाक्य: ‘आई आता पाहुणी का?’ त्यावर चुलत दिरांपासून न्यू जर्सीच्या भाचेसुनेपर्यंत सगळ्यांनी रडके चेहरे टाकले. मी मूळ ड्रॉइंग टाकलं, तारखेसकट, पलंगाची जागा आखलेलं. एकानेही उघडून पाहिलं नाही. छापून आलेल्या पानापुढे घरच्या माणसाचं कोण ऐकतो!

वन्सं, तुम्ही इथली उत्तरं वाचता हे मला माहीत आहे, म्हणून इथेच सांगते. तुमच्या मोबाइलवर आईंचा जो डीपी आहे, खिडकीशी बसलेल्या, तोंडावर उजेड पडलेला, तो त्याच दिवशी त्याच खोलीत काढलेला आहे. आईंना जागाच दिली नसती तर तो फोटो काय स्टुडिओत काढला? आणि आठवत नसेल तर आठवा: उंबरा नको म्हणून मी भांडत होते तेव्हा ‘अशुभ, अशुभ’ करून फोनवर तास घालवणाऱ्या तुम्हीच होतात. तुमचं ऐकलं असतं तर आज आईंना खोलीबाहेर पडायला कुणाला तरी हाक मारावी लागली असती.

असो. प्रश्न तुमचा आहे, माझ्या नणंदेचा नाही.

एवढं होऊनही मी ‘द्या परवानगी’ का म्हणते? आर्किटेक्टसाठी. या लोकांना जाहिरात करता येत नाही हे बऱ्याच घरमालकांना ठाऊक नसतं. आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या आर्किटेक्चर कौन्सिलचे १९८९ चे व्यावसायिक वर्तनाचे नियम आहेत. त्यात आर्किटेक्टने आपल्या इमारतीवर नाव लावलं तर अक्षरं १० सेंटिमीटरपेक्षा उंच नकोत इथपर्यंत लिहिलेलं आहे. पण आपल्या कामाचे फोटो आणि वर्णन छापून येताना नाव देता येतं, फक्त त्यासाठी पैसे द्यायचेही नाहीत आणि घ्यायचेही नाहीत. म्हणजे नव्या आर्किटेक्टला लोकांपुढे जायचा सरळ रस्ता म्हणजे छापून आलेलं काम. आमच्या आर्किटेक्टला त्या अंकानंतर दोन घरांची कामं मिळाली. तिने आपल्यासाठी उन्हातान्हात साइटवर खेपा घातलेल्या असतात. त्यानंतर ‘आमची प्रायव्हसी’ म्हणून दार लावून घेणं मला कद्रूपणाचं वाटतं. खोलीच्या नावांचा घोळही तिने केलेला नव्हता. तिच्या टिपणावरून मजकूर दुसऱ्याने लिहिला आणि नकाशा तिसऱ्याने पुन्हा काढला.

आर्किटेक्चर शिकणाऱ्या भाच्याने माझी समजूत काढायला म्हणून मला लॉस एंजेलिसच्या त्या घराची गोष्ट सांगितली. केस स्टडी हाउस नंबर २२, आर्किटेक्ट पिएर कोनिग, फोटो ज्युलियस शुलमनचा, साल १९६०. तुम्ही पाहिला असेलच: टेकडीच्या कडेला काचेची खोली, आत गप्पा मारणाऱ्या दोन मुली, खाली पसरलेले शहराचे दिवे. घरांच्या फोटोंमध्ये याच्याइतका गाजलेला क्वचितच दुसरा असेल. तर त्या मुली त्या घरातल्या नव्हत्या, फर्निचर फोटोपुरतं आणलेलं होतं आणि घराचं काम अजून पुरतं संपलंही नव्हतं. घर ज्यांचं, ते स्टाल नवरा-बायको फोटोत नाहीतच. भाचा म्हणाला, बघ मामी, पहिल्यापासून असंच चालतं. मी म्हटलं, मग पहिल्यापासून चुकतंय.

कायद्याचं थोडं, कारण या बाबतीत लोक वाटेल ते ठोकून देतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ मध्ये, इमारतीचा फोटो काढणं किंवा छापणं हा त्या इमारतीच्या कॉपीराइटचा भंग नाही असं स्पष्ट आहे. तेव्हा रस्त्यावरून कुणी तुमच्या घराचा फोटो काढला तर ना तुमचा आर्किटेक्ट त्याला कॉपीराइट दाखवू शकतो, ना तुम्ही. आत मात्र तुमच्या परवानगीशिवाय कुणी पाऊल टाकू शकत नाही. तुमच्या हातात आहे ते एवढंच, आणि तेही दार उघडेपर्यंत. एकदा फोटो निघाले की त्यांचा हक्क सर्वसाधारणपणे फोटोग्राफरचा, किंवा ज्याने पैसे देऊन काढवून घेतले त्याचा. तुम्ही छदाम खर्च केलेला नाही, तुमचा हक्क शून्य. पुढे ते टाइल्सवाल्याच्या कॅटलॉगमध्ये दिसले तर चडफडत बसावं लागतं. म्हणून जे काही ठरवायचं ते आधी, ईमेलवर, आर्किटेक्टला आणि मासिकाला दोघांना एकाच वेळी लिहून. फोटो कुठे कुठे वापरणार, आडनाव छापणार का, गावाचं नाव येणार का, आणि मुख्य म्हणजे फोटोंखालच्या ओळी आणि नकाशा छापण्याआधी दाखवायचा. मासिकवाले म्हणतील मजकूर दाखवायची पद्धत नाही. नसू दे. खोल्यांची नावं तपासायला मागणं म्हणजे संपादकाच्या कामात ढवळाढवळ नव्हे.

दोन मासिकांनी विचारलंय म्हणालात. दोघांना हो म्हणू नका. त्यांना ‘आधी आमच्याकडे’ हवं असतं आणि एकीकडे आलेलं घर दुसरा सहसा घेत नाही. कुणाला द्यायचं ते आर्किटेक्टला ठरवू दे, त्याला त्यातलं कळतं.

गावाचं नाव छापू नका, यावर मात्र मी ठाम आहे. आमचं छापलं. त्यानंतर रविवारी फाटकाशी गाड्या थांबायला लागल्या. ‘फक्त पाच मिनिटं बघतो’ म्हणून येतात आणि पडवीत बसून सरबत मागतात. एकाने प्री-वेडिंगच्या शूटिंगचा दर विचारला. सासूबाई खिडकीतून सगळ्यांची चौकशी करतात, कुठले तुम्ही, कुणाचे कोण, आणि गोत्रापर्यंत पोचल्या की बहुतेक जण निघतात. तुमच्याकडे अशी सोय नसेल.

काही गोष्टी राहिल्या. घरात लहान मुलं असतील तर त्यांचे चेहरे नकोत. कपाट, तिजोरी, कुठल्या दाराला कसलं कुलूप हे फ्रेममध्ये येतंय का ते स्वतः उभं राहून बघा, नवऱ्यावर सोपवू नका. भिंतीवर हयात चित्रकाराचं चित्र असेल तर त्याचा कॉपीराइट वेगळा, त्यालाही विचारून घ्या. आणि घरातलं आजारी किंवा म्हातारं माणूस मनापासून नको म्हणत असेल तर वर आर्किटेक्टबद्दल मी जे लिहिलंय ते सगळं विसरा आणि नाही सांगा. आर्किटेक्ट समजून घेतो. नाही घेतलं तर तसा होता म्हणायचं.

तुमचं घर स्वतंत्र आहे की फ्लॅट, ते प्रश्नात लिहिलेलं नाही. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरीला चार दिवस आधी लेखी कळवा. खुर्च्या, कुंड्या, लाइटचे स्टँड सगळं लिफ्टने वर जाणार, आणि त्यावरून जे भांडण होईल ते मासिकवाले मिटवायला येणार नाहीत.