विचारा की! : पेशींचं अंथरूण विकणारी कंपनी

प्रश्न : ताई नमस्कार, मी सांगलीचा, हळदीचा व्यापार आहे. मुलगी इंग्लंडात बायोटेकचं मास्टर्स करतेय. आता म्हणते नोकरी मिळतेय, कंपनी कसली तर युनिव्हर्सिटीच्याच प्रोफेसरांनी काढलेली, मोजून १२ माणसं, आणि बनवतात काय तर लॅबमधे पेशी वाढवायचं मटेरियल. हे विकत कोण घेतं हेच आम्हाला कळेना. स्पिन-आउट म्हणजे काय भानगड आहे आणि पोरीने अशा ठिकाणी जावं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, हळदीचा व्यापार म्हणालात ते बरं झालं, पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

औषधं तपासायला वगैरे माणसाच्या पेशी लॅबमधे वाढवतात, कशात तर पॉलिस्टायरीनच्या प्लास्टिक डिशमधे. आता शरीरात पेशीला वर, खाली, बाजूला सगळीकडे शेजारी असतात, आणि डिशमधे ती बिचारी तव्यावर घातलेल्या घावनासारखी पसरते, चपटी होते, आणि चपटी झाली की तिचं वागणंही बदलतं, त्यामुळे डिशमधे चाललेलं औषध शरीरात चालेलच असं नाही. मग पेशीला आत शिरून सगळ्या बाजूंनी वाढता येईल असं काहीतरी द्यायचं, ते हे मटेरियल. गिऱ्हाईक म्हणजे औषध कंपन्या, कॉस्मेटिकवाले, युनिव्हर्सिट्यांच्या लॅब. एकदा वापरलं की फेकायचं आणि परत मागवायचं, म्हणजे किराणाच म्हणा ना.

इंग्लंडातलंच एक उदाहरण सांगते, मला फार आवडतं ते. डरहॅम युनिव्हर्सिटीतून २००२ मधे रीइनर्व्हेट नावाची कंपनी निघाली, स्टेफन प्रिझबोर्स्की हे तिथले पेशींवर काम करणारे प्रोफेसर, त्यांची. कंपनीचा पत्ता सेजफील्डचा, टोनी ब्लेअर जिथून निवडून यायचे तेच सेजफील्ड. यांचा माल म्हणजे अल्वेटेक्स, भोकंभोकं असलेली प्लास्टिकची पातळ चकती. बनवायची पद्धत मजेशीर आहे. प्लास्टिकचा कच्चा माल तेलासारखा पातळ असतो, त्यात पाणी घालून घुसळायचं, पण पाणी इतकं जास्त की तेलाचा नुसता पापुद्रा राहतो थेंबांच्या मधे, मग तो पापुद्रा घट्ट करायचा आणि पाणी काढून टाकायचं, थेंब होते तिथे भोकं राहतात, अनारशाला जाळी पडते ना तशी. युनिलिव्हरने १९८२ मधेच या पद्धतीचं पेटंट घेतलेलं, आणि डरहॅममधे केमिस्ट्रीतले नील कॅमेरॉन हेच जाळीदार प्लास्टिक करत होते, म्हणजे एका डिपार्टमेंटकडे जाळी आणि दुसऱ्याकडे पेशी. चकतीची जाडी २०० मायक्रॉन, साधारण दोन-तीन केसांएवढी. त्याहून जाड केली तर मधल्या पेशींपर्यंत खाणं आणि ऑक्सिजन पोचत नाही, मरतात त्या.

पण मला विचाराल तर खरी हुशारी जाळीत नाहीये, प्लास्टिक तेच ठेवलं त्यात आहे. पॉलिस्टायरीनच, डिशचंच. तुमचा एखादा मसालेवाला वर्षानुवर्षं एकाच हाताची हळद का घेतो, दुसरीकडे चार पैसे कमी असले तरी? कारण माल बदलला की त्याच्या मसाल्याचा रंग बदलतो आणि मग सगळं गणित पहिल्यापासून. लॅबवाले डिट्टो तसेच. मटेरियल बदललं की जुने आकडे नव्याशी जुळवता येत नाहीत, म्हणून नवं कितीही भारी असो, हात लावायला घाबरतात. रीइनर्व्हेटवाल्यांनी सांगितलं की बाबांनो तुमचंच प्लास्टिक आहे, फक्त आकार वेगळा, वापरायच्या आधी ७० टक्के अल्कोहोलमधे बुडवा कारण कोरडी चकती पाणी धरत नाही, बाकी तुमच्या नेहमीच्या डिशमधेच ठेवा. अडचणी होत्याच म्हणा. साध्या डिशमधे पेशी मायक्रोस्कोपखाली लगेच दिसतात, इथे आत काय चाललंय ते बघायला चकतीचे काप काढावे लागतात, आणि लॅबवाल्याला एक पायरी वाढवायला सांगणं म्हणजे सासूला भाजीची फोडणी बदलायला सांगण्यासारखं आहे.

आता वर्षं मोजा. कंपनी २००२ ची, अल्वेटेक्स बाजारात आलं २०१० ला, आणि २०१४ मधे जपानच्या योकोहामातल्या रिप्रोसेलने अख्खी कंपनी विकत घेतली. माल अजून विकला जातो, अल्वेटेक्स याच नावाने. लोक म्हणतात विकली म्हणजे बुडाली, मला नाही पटत. छोट्या कंपनीकडे जगभर माल पोचवणारी माणसं नसतात, मोठीकडे असतात.

स्पिन-आउट म्हणजे एवढंच, की शोध युनिव्हर्सिटीत लागला, पेटंट बहुतेक वेळा युनिव्हर्सिटीचं, ते वापरायचा हक्क नव्या कंपनीला, आणि बदल्यात युनिव्हर्सिटीला कंपनीत वाटा. हा वाटा किती यावर इंग्लंडात बरीच वर्षं कुरबुर होती, मोठा वाटा युनिव्हर्सिटीकडे गेला की पैसे लावणारे बिचकतात. शेवटी सरकारने नेमलेल्या समितीने २०२३ मधे सांगितलं की बायोटेकसारख्या क्षेत्रात १० ते २५ टक्के ठीक आहे.

पोरीला चार गोष्टी विचारायला सांगा. हातातल्या पैशात कंपनी किती महिने चालेल (हे विचारण्यात लाजायचं काही नाही, बरे मालक सांगतात). माल आत्ता विकला जातोय का अजून ग्रँटवरच चाललंय. प्रोफेसर पूर्ण वेळ कंपनीत आहेत का शुक्रवारी संध्याकाळी डोकावतात. आणि सगळ्यात आधी, कंपनीकडे परदेशी माणसाला व्हिसा द्यायचं स्पॉन्सर लायसन्स आहे का, कारण ते नसेल तर ग्रॅज्युएट व्हिसा (शिकून झाल्यावर काही काळ तिथे काम करायला मिळतो तो) संपला की पोरगी घरी, मग सायन्स कितीही चांगलं असो. याची उत्तरं बरी आली तर मी तरी जाऊ देईन. १२ माणसांच्या कंपनीत तिला बेंचवरचं काम, गिऱ्हाइकांचे फोन, कुरियरचे डबे भरणं, सगळंच करावं लागेल.

प्रश्न : ताई, पुण्यात पीएचडी करतेय. पेशी वाढवायला आम्ही मॅट्रिजेल नावाची जेल वापरतो, ती उंदराच्या ट्यूमरपासून बनते हे खरंय का? आणि माझी दर वेळी वापरायच्या आधीच घट्ट होते, वैताग आलाय. दुसरं काही घ्यावं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : खरंय गं. एंगेलब्रेथ-होम-स्वॉर्म नावाची उंदरातली गाठ, तिच्यातून काढतात. मुख्य ऐवज लॅमिनिन आणि कोलॅजेन-४ ही प्रोटीन्स, पण एकूण प्रोटीन्स मोजायला गेलं तर दीड हजाराच्या वर निघतात, आणि गाठ म्हणजे काही कारखाना नाही, त्यामुळे एक बॅच दुसरीसारखी नसते. म्हणूनच तर मँचेस्टर युनिव्हर्सिटीतून मँचेस्टर बायोजेलसारखी कंपनी निघाली, पेप्टाइडपासून (म्हणजे प्रोटीनच्या छोट्या तुकड्यांपासून) बनवलेली जेल विकायला, प्राण्याचा संबंध नाही आणि घट्टपणाही हवा तसा निवडता येतो. पण पीएचडीच्या मधेच बदलू नकोस, वरच्या हळदवाल्या दादांचं उत्तर वाच म्हणजे कळेल का ते. पुढच्या प्रोजेक्टला बदल, किंवा दोन्ही शेजारी-शेजारी लावून बघ.

आणि घट्ट होण्याचं म्हणशील तर हे थंडीत पातळ राहतं आणि ऊब लागली की जेली होते, मी पण एक अख्खी बाटली घालवलीये, बर्फाबाहेर ठेवून फोन घ्यायला गेले आणि परत आले तर झाली जेली, गाइडने दोन दिवस बोलणं टाकलेलं. रात्रभर फ्रीजमधे ४ डिग्रीला बर्फात ठेवून वितळव, पिपेटच्या टिप्स आणि ट्यूब आदल्या दिवशीच फ्रीजरमधे टाक, छोटे भाग करून ठेव म्हणजे सारखं गोठव-वितळव होत नाही, आणि फोन बाहेर ठेव.