भरलेलं ताट माघारी कसं पाठवलंत?

प्रश्न: मी लातूरची, वय 63, निवृत्त शिक्षिका. यजमान गेले, मुलगा पुण्याला असतो. ट्युशन एरियाजवळची आमची शांत गल्ली आता ओळखू येत नाही. शेजारणी घरं भाड्यानं देऊन मुलांकडे गेल्या. त्या घरांत मेस, अभ्यासिका, झेरॉक्स, कॅफे सुरू झालेत. फाटकासमोर गाड्या, रात्री उशिरापर्यंत गाणी. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा टँकरपाशी आम्ही एकमेकींच्या घागरी भरल्या. ती माणसं राहिली नाहीत. मेसवाली कुठल्याशा खेड्यातून आलेली. दिवाळीला तिनं फराळाचं ताट पाठवलं, मी परत केलं. ओळख वाढली की हक्क सांगतात. घर विकून पुण्याला जावं का?

उत्तर: ताई, गाड्यांवर आणि गाण्यांवर तुम्ही भरभरून लिहिलंत, ताटावर जेमतेम एक ओळ. माझं मन त्या ओळीपाशीच अडलं.

सणाचं भरलेलं ताट दारातून माघारी? आपल्याकडे शेजारणीचं ताट रिकामंसुद्धा परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. मेस चालवणारीला पहाटेपासून कणीक, भाकऱ्या, डबे यांतून मान वर करायला फुरसत नसते. दिवाळीला पोरं गावी गेल्यावर जी काय सवड मिळाली, त्यात तिनं तुमची आठवण ठेवली. वाचताना मला राग आला, तो लपवत नाही.

खेड्यातून आलेली म्हणता. लातुरात खेड्यातून न आलेलं घर शोधून दाखवा. आणि हक्काचं म्हणाल, तर टँकरपाशी तुमची घागर भरणाऱ्या बायकांनी हक्कच सांगितला होता. म्हणून तर त्या आज आठवतात. घरं भाड्यानं त्यांनी दिली, भाडं त्या घेतात, आणि गल्ली बिघडल्याचा दोष मात्र भाडं भरणारीच्या माथी! नांदेड, बीड, हिंगोलीहून नीटच्या तयारीला आलेली सतरा-अठरा वर्षांची लेकरं तिच्या हातचं वरण-भात खाऊन अभ्यासाला बसतात. लातूर पॅटर्नचं कौतुक आपण सगळेच करतो, मग या लेकरांनी जेवायचं कुठं? तुम्ही तर जन्मभर लेकरांनाच शिकवलंत.

गाण्यांचं थोडक्यात सांगते. रात्री 10 नंतर उघड्यावर स्पीकर लावायला कायद्यानं बंदी आहे. आधी कॅफेवाल्याला सांगा, नाही ऐकलं तर 112 ला फोन करा. तिथं भीड धरू नका.

घर विकायचं नाव तूर्त काढू नका. पुण्याच्या सोसायटीतही शेजारी नवेच भेटतील, आणि दार तिथंही तुम्हालाच उघडावं लागेल.

येत्या रविवारी संध्याकाळी धपाटे करा, सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी. बहुतेक मेसना त्या वेळी सुट्टी असते. कामवालीच्या हाती पाठवू नका, स्वतः जा. "दिवाळीला माझं चुकलं," एवढं दारातच म्हणा आणि मग निवांत बसा. तिचं गाव कोणतं, घरी कोण कोण आहे, विचारा. गाड्यांचा विषय त्या दिवशी अजिबात नको. तो आठवडाभरानं काढा, तिच्यापाशीच. फाटक मोकळं ठेवायला तिनं एकदा सांगितलं, की पोरं ऐकतील.